मिटलेल्या मुठींची पिशवी

भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत बेने इस्रायली ज्यूंची चारच घरं आहेत. त्यांच्या मदत मंडळाचे अध्यक्ष, चिटणीस आणि शिपाई एकच, आमच्या शेजारचे काका. मंडळ मदतीला जात विचारत नाही, म्हणून वर्गणीची पिशवीही साऱ्या गल्लीत फिरते. शुक्रवारी दुपारीच, कारण दिवस बुडाला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लागतो आणि काका पैशाला शिवत नाहीत.

नियम एकच. मूठ मिटून आत घालायची, मिटूनच बाहेर काढायची. तोवर काका समोरच्या कडुनिंबाकडे बघत राहतात. मग मोठ्यानं म्हणतात, "पोचलं, भाऊ!"

आत घालताना मूठ मिटायची, हे समजत होतं. बाहेर काढताना कशाला, असं वाटून मी मनात हसायचो.

खाणीतलं माझं कंत्राटी काम सुटलं, त्या शुक्रवारी मी दारातच म्हणालो, "काका, या खेपेले माह्यापाशी काईच नाई."

"मंग काय झालं? हात तं घाला."

रिकामी मूठ आत गेली. बोटांना नोटा लागल्या. काका कडुनिंबावरचे पोपट बघत होते. मी भरलेली मूठ मिटूनच बाहेर काढली.

साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं काका म्हणाले, "पोचलं, भाऊ!"