भिकनभाऊचा सूर

धुळ्याच्या भिकनभाऊने १९८० साली यंत्रमागावर नोकरी धरली ती पोटासाठी, पण जीव गाण्यात. म्हणून सकाळची पाळी त्याने हट्टाने मागून घेतली. संध्याकाळ गाण्याला मोकळी. मागांच्या खडखडाटात तो नवी भीमगीतं जुळवायचा आणि ती स्वतःला ऐकू यावीत म्हणून बेंबीच्या देठापासून गायचा. शेजारच्या मागावरचे हसत. हसोत बापडे! आंबेडकर जयंतीला साक्रीपासून नरडाण्यापर्यंत त्याच्या गायन पार्टीला बोलावणी असत. कोरसला बायको, नर्मदाबाई.

अशी दहा वर्षं बरी गेली. मग साथीच्या हार्मोनियम पेट्या बिघडायला लागल्या, म्हणजे भिकनभाऊच्या मते. दुरुस्त करून आणली तरी त्याला पेटी बेसूरच वाटायची. तीन वर्षांत त्याने तीन पेटीवाले हाकलले. खरं काय ते त्यांना कळत होतं, पण एवढ्या मोठ्या गायकाला सांगणार कोण? लोकही बेरकी. टाळ्या वाजवायचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पार्टीला बोलवायचे.

१९९३च्या जयंतीला साक्रीच्या मंडपात त्याने गाणं मध्येच थांबवलं आणि चौथ्या पेटीवाल्याला, सुकदेवला, माइकवरूनच झापलं. सुकदेव मान खाली घालून उठला. तेव्हा नर्मदाबाईने माइकवर हात ठेवला.

"पेटी बराबर शे," ती म्हणाली. "सूर तुमना जास. त्या मागनी तुमना कान खाई टाकात. बठ्ठासले, साऱ्या गावाले माहीत शे."

भिकनभाऊ तसाच स्टेजवरून उतरला. तिसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्याचा टेप मागून आणला आणि आपल्याच कार्यक्रमांच्या दोन कॅसेटी काढल्या. एक मागावर लागला त्या सुमाराची, एक गेल्या वर्षीची. टेपला कान चिकटवून बसला. दुसरी कॅसेट नर्मदाबाईला ऐकवेना. ती तोंडाला पदर लावून ओट्यावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने तो बाहेर आला. चेहरा चांगला खुलला होता.

"दोन्ही सारख्याच तं शेतस!"

नर्मदाबाईचे डोळे बघून तो समजला. तिच्याशेजारी बसला. इतक्या वर्षांत गाण्यातलं त्याने तिला कधी काही विचारलं नव्हतं.

"मंग तूच सांग," तो म्हणाला. "मी चांगला कोनतीमा गायेल शे?"