पगार आमचा, सूट साहेबांना

परवा शाळेत टॅक्सचं कॅल्क्युलेशन चालू होतं आणि माझं डोकं फिरलं... अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहितेय.

आमची शाळा वडवणीच्या बाजूला, खासगी संस्थेची. मागच्या उन्हाळ्यात कोरोनाने कहर केला तेव्हा संस्थाचालक साहेबांनी आवाहन केलं, ऑक्सिजनच्या मशीन घेऊ, सगळ्यांनी एकेक दिवसाचा पगार द्या. आम्ही दिला. संस्थेत 'आवाहन' म्हणजे काय असतं ते तिथं नोकरी करणाऱ्याला सांगायला नको.

आमचे ड्रॉइंगचे वाघमारे सर. त्यांची बायको सुनंदाताई त्याच लाटेत गेली. वडवणी, माजलगाव, बीड... बेड शोधत अ‍ॅम्ब्युलन्स नुसती फिरत राहिली. सरांनी अख्ख्या महिन्याचा पगार दिला. एक मशीन तिच्या नावानं घ्या, एवढंच म्हणाले होते.

तर परवा मी क्लार्कला म्हटलं, त्या देणगीची ८० जीची पावती द्या, करात सूट मिळते. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, पावती एकच फाडलीय. साहेबांच्या नावानं. तुमी काऊन डोकं लावता त्यात?"

म्हणजे पैसे आमचे, दानशूर साहेब, आणि वर टॅक्समधली सूटही त्यांनाच... हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे बघितले होते, पण त्याची पावती घेणारे पहिल्यांदाच बघितले. लोक श्वासासाठी तडफडत होते हो त्या दिवसांत. त्याच्यातही ह्यांना टॅक्स वाचवायचं सुचलं. शरम वाटायला पाहिजे होती.

मी तावातावाने ड्रॉइंगच्या वर्गात गेले. लाट ओसरल्यावर आलेल्या त्या मशीन इतके दिवस ऑफिसात पडून होत्या, आता कुठे सरकारी दवाखान्यात द्यायचा मुहूर्त निघाला होता. वाघमारे सर त्यांच्यावर 'साहेबांच्या सौजन्याने' असं ऑइल पेंटने लिहीत बसले होते. आमच्याकडे कमान असो, वाढदिवसाचा फलक असो, साहेबांचं नाव ड्रॉइंगच्या सरांनीच रंगवायचं, अशी पद्धतच आहे.

मी त्यांना पावतीचं सांगितलं. त्यांनी ब्रश पुसला. "मला सूट न्हाई पायजे मॅडम... तिचं नाव कुठंतरी लागलं असतं, तर बरं वाटलं असतं." आणि पुन्हा खाली वाकून साहेबांचं नाव रंगवायला लागले. खरं सांगते, मला सरांचाही राग आला. इतकंही काय सोसायचं माणसाने?

काल दवाखान्यात कार्यक्रम झाला. हार, फोटोग्राफर, सगळं साग्रसंगीत. साहेबांनी मशीनवरचा कपडा ओढला. चार मशीनवर साहेबांचं नाव होतं. पाचवीवर, त्याच सुरेख अक्षरात... 'कालकथित सुनंदा वाघमारे यांच्या स्मरणार्थ'.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पण समोर डॉक्टर, गावातली चार माणसं... बोलणार काय? त्यांनी फोटोग्राफरला ती मशीन फोटोतून बाजूला घ्यायला सांगितली. वाघमारे सर शेवटच्या रांगेत उभे होते, ते काही हलले नाहीत.

संध्याकाळी मी मुद्दाम पुन्हा दवाखान्यात गेले. वाटलंच होतं... साहेबांचा माणूस थिनर आणि फडकं घेऊन नाव पुसायला हजर. पण तोवर सिस्टरने नेमकी तीच मशीन एका दम्याच्या आजीला लावली होती. "ऑक्सिजनजवळ थिनर घेऊन येता? अक्कल हाय का न्हाई? बाहेर व्हा आधी," सिस्टरने त्याला असं झापलं की तो फडक्यासकट बाहेर. आजी शांत झोपली होती. मला मात्र तिथं भरून आलं... सिस्टर, तुमचे लई उपकार झाले.

आता ह्या पोस्टचा स्क्रीनशॉट कुणीतरी साहेबांना पाठवणारच. पाठवा खुशाल.

साहेब, ऐकलंय की वाघमारे सरांना मेमो काढणार आहात. काढा... पण त्यात आम्हा सगळ्या स्टाफची नावं घालून एकच मेमो काढा. पावती एकच फाडली होती ना.