जपानी लेखिकेच्या फोटोला हार

आमच्या विहीणबाई जपानी आहेत. ओसाकाहून त्या लेकीकडे, म्हणजे आमच्या मुलाच्या घरी, इथे अमेरिकेत फ्रीमाँटला आल्या की आम्ही दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसायचो. त्यांचं इंग्रजी जेमतेम. मी वाचते भराभर, पण बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. आता सुनेला दिवस गेले होते आणि मला या बाईंशी एकदा तरी मनातलं बोलायचं होतं.

त्यांची एक लाडकी कादंबरीकार आहे असं सुनेकडून कळलं. लायब्ररीतून मी तिची झाडून सगळी भाषांतरं आणली. ही बाई नवऱ्याबरोबर लाँड्री चालवायची, पन्नाशीनंतर लिहू लागली, तेही इस्त्रीच्या टेबलावर. तिच्या कादंबरीत खून नाही, मारामारी नाही. एक सासू पानंच्या पानं मुळा सोलत बसते आणि आपल्याला पुस्तक खाली ठेववत नाही.

"मग कोशिंबीर कधी व्हायची?" इति आमचे हे.

आमचा मराठी वाचनकट्टा दर महिन्याला कुणाच्या तरी घरी भरतो. या खेपेला आमच्याकडे होता. मी या लेखिकेवर बोलायचं ठरवलं आणि विहीणबाईंना मुद्दाम बोलावलं. टेबल मांडायचं काम ह्यांच्याकडे होतं: समई, सरस्वतीची तसबीर, शेजारी लेखिकेचा फोटो. मी आत साबुदाणा वडे तळत होते.

विहीणबाई सुनेबरोबर आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आई, शी डाइड? कधी?" सून घाबरून ओरडली.

झारा हातात घेऊनच मी बाहेर धावले. बघते तर लेखिकेच्या फोटोला झेंडूचा टवटवीत हार, पुढे उदबत्ती! जिवंत बाईच्या फोटोला!

"अहो, हे काय केलंत?"

"सरस्वतीला घातला, मग हिला का नको? पंक्तिप्रपंच कशाला?"

"काका, गूगल तरी करायचं ना यार!" कट्ट्यातला एक जण म्हणाला.

मी हार खेचून काढला. "अलाइव्ह! अलाइव्ह! हजबंड मिस्टेक!" विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, झाऱ्याकडे पाहिलं, आणि त्या ज्या हसत सुटल्या त्या थांबेचनात. मला मात्र रडू फुटलं. इतकी तयारी केली ती बाईंना रडवायला!

तेव्हा त्या उठून माझ्याजवळ बसल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. सून मराठीत सांगत होती. त्यांचे यजमान गेले तेव्हा घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी या लेखिकेचं पुस्तक उघडलं की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत माझी आई गेली तेव्हाचं सांगितलं. भाषण राहिलं ते राहिलंच.

निघताना विहीणबाईंनी फोटोकडे, माझ्याकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. सून हसत म्हणाली, "मॉम म्हणते, तुम्ही तिघी सेम एजच्या आहात. कुणीच घाई करायची नाही. आधी बेबी बघायचं."

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.