सल्ल्याला बंदी असलेली बैठक

आत्ताच हिंगोलीहून परतलोय. दर शनिवारी आम्ही सात-आठ जण समुपदेशक मॅडमकडे गोल करून बसतो आणि मनातलं बोलतो. हसा, मीही हसायचो. नियम एकच: कुणी दुखणं सांगितलं की सल्ला द्यायचा नाही, आपलंही तसंच असेल तर तेवढं सांगायचं. आमच्या भागातल्या माणसाला ही शिक्षाच.

आज कुरुंद्याचे दत्तराव पहिल्यांदा बोलले. (नाव बदललंय, लिहायला त्यांची परवानगी आहे.)

"मी घरात पाय ठेवला की समदे गप होतेत."

लगेच सल्ले सुरू. "खाऊ नेत जा." "हसून बोला की!" कळमनुरीच्या गुरुजींनी तर अख्खा तासच घेतला.

मॅडमनी हात वर केला. "सल्ले बास. असं आणखी कुणाच्या घरी होतं?"

जो तो वर पंख्याकडे बघायला लागला. दत्तरावांनी उठून चपलेत पाय घातला. "म्हंजे मीच एकटा वंगाळ. येतो मी."

तेवढ्यात गुरुजी खाली बघत म्हणाले, "थांबा हो. माझ्या घरी बी. मी आलो की नातू टीव्ही बंद करून पुस्तक उघडतो. मला वाटायचं, काय वळण लावलंय!"

"तुमच्याकडं टीव्हीच ना? आमच्याकडं लेकरं हसायची थांबतेत," असं म्हणत दत्तरावांनी चपला काढल्या आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

ठामपणे सांगतो, एवढ्या सल्ल्यांनंतरही जो माणूस दाराकडे निघाला, तो एका 'माझ्या घरी बी'ने परत बसला.

तुम्ही घरात शिरल्यावर काय बंद पडतं? कमेंटमध्ये सल्ला दिसला तर उडवीन. तसंच होत असेल तर तेवढंच लिहा.