स्टेशनासाठी बांधलेला फेटा

कऱ्हाडजवळच्या गावात नीलांबरीचे वडील लग्नाच्या वऱ्हाडाला फेटे बांधत. ती कला मुलीच्या बोटांत उतरली आणि त्या बोटांबरोबर टेक्सासात, अर्विंगच्या पलीकडच्या एका नव्या उपनगरात आली. तिथे माणसं दुधाला गाडीतून जातात, देवालाही गाडीतून जातात. नीलांबरीला नेमकी गाडी चालवायचीच बंदी होती. तिला अधूनमधून फिट यायची.

म्हणून तर नवऱ्याला, सत्यजितला, तिने हट्टाने हे घर घ्यायला लावलं. मागच्या माळावर डॅलसहून येणाऱ्या रेल्वेचं स्टेशन होणार, अशी पाटी होती. त्या रेल्वेने ती कॉलेजला जाणार होती, कुणालाही 'सोडतोस का?' न विचारता. संध्याकाळी ती कुंपणाशी उभी राही. वाऱ्याने गवत एका बाजूला कलंडे, आणि तिला वाटे, आत्ताच गाडी गेली.

अडचण एकच होती. रेल्वेसाठी गावाचा विक्रीकर वाढवायला हवा होता, आणि त्याला ऑस्टिनच्या विधिमंडळाची परवानगी हवी होती.

२००४च्या गणपतीत तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष एकनाथकाका यांनी रेल्वेला पाठिंबा मागायला आमदारकीच्या उमेदवाराला, प्रुइटसाहेबांना, बोलावलं. फेटा नीलांबरीने बांधला.

"जरा सैल बांध गं," मंडळातल्या प्रतिमाकाकू स्टेजखालून ओरडल्या, "गोऱ्याचं डोकं टोमॅटो झालंय!"

साहेब हसले. मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, पुढचा फेटा तुम्ही मला तुमच्या स्टेशनावर बांधाल."

हॉल टाळ्यांनी भरला. ज्याच्या डोक्यावर आपण फेटा चढवला तो आपला झाला, असं सगळ्यांनी धरून टाकलं. टाळ्या वाजवणाऱ्या बहुतेकांकडे व्हिसा होता, मत नव्हतं. ही गोष्ट हॉलमध्ये एकट्या साहेबांच्या ध्यानात असावी.

ते निवडून आले. वसंतात प्रस्ताव विधिमंडळात गेला, तेव्हा कराला विरोध करायला पहिले तेच उठले. तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांना कर नको होता, आणि मतं त्यांची होती. प्रस्ताव पडला. माळावरची पाटी गेली, गोदामाचा पाया खणला गेला.

पुढच्या गणपतीत एकनाथकाकांनी नीलांबरीच्या हातात पुन्हा भगवं कापड ठेवलं.

"कुणासाठी, काका?"

"प्रुइटसाहेब येतायत. तुझ्या हातचा फेटा त्यांना आठवतोय म्हणे."

"फेटा आठवतोय? आणि स्टेशन?"

काकांनी नजर वळवली. "अगं, शाळेचा हॉल त्यांच्या एका फोनवर मिळतो. दरवर्षी कुठे फिरायचं आपण?"

तिने सत्यजितकडे पाहिलं. त्याच्या हातात शाल आणि नारळ होता.

"नीलू, आज सीन नको ना, यार," तो हळूच म्हणाला. "तुला मी सोडतोच की सगळीकडे."

वर्षभरात तिच्या मनाला इतकं काही लागलं नव्हतं. तिने कापडाची घडी मोडली नाही. ती काकांच्या हातात परत दिली आणि हॉलबाहेर पडली.

आत टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी आयता शिवलेला फेटा साहेबांच्या डोक्यावर ठेवला असणार. पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. नीलांबरी स्वतःच्याच गाडीपाशी पोचली, दार ओढून पाहिलं. दार बंद होतं. किल्ली सत्यजितच्या खिशात होती, आणि सत्यजित स्टेजवर होता.

ती गाडीला टेकून उभी राहिली, सत्कार संपेपर्यंत.