सरळ रेघ

माझा धाकटा भाऊ मासेमारीच्या परदेशी बोटीवर इंजिन सांभाळायचा. सांगवीत ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पोरगा समुद्रावर गेला आणि समुद्र माझ्या मोबाइलवर आला. निळ्या नकाशावरचा केशरी ठिपका म्हणजे त्याची बोट. मागं तिच्या वाटेची रेघ.

तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझा मोबाइल जवळपास जप्तच केला होता. दोडक्याच्या मांडवातून आले की हात पुसत विचारायचे, "कुठं हाय गं?" बोट जाळं ओढत असली की रेघ एकाच जागी उलटसुलट फिरायची. मग म्हणायचे, "कुळवाच्या पाळ्या चालल्यात. आज फोन न्हाय यायचा." रेघ सरळ झाली म्हणजे बोट बंदराकडं निघाली. मग लगेच आईला चहा टाकायला लावायचे, जसा काही तो इंदापूरच्या एसटीतून उतरणार होता. मी चिडवायचे, पण ऐकतंय कोण! भर समुद्रातून त्याला बोलता येत नसे. बंदराला लागला की फोन करायचा. तात्या एवढंच विचारायचे, "जेवलास का?" आणि फोन आईकडं द्यायचे.

यंदा दोडक्याचा पहिला तोडा बारामतीच्या बाजारात घालून आले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

बोट तेव्हा लांब होती. कंपनीच्या माणसाकडून निरोप धाडता आला असता, पण आई अडून बसली. "तितं त्याला जवळ घ्यायला कोण हाय? किनाऱ्याला लागू दे. आन् आधी जेवलाय का इचार. उपाशीपोटी सांगू नगंस."

तात्यांचा जलदान विधी त्याच्याविना झाला. मी रोज नकाशा बघत होते. बोटीनं पाळ्याच घालत राहाव्यात, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. तोवर त्याच्यापुरते तरी तात्या होते. एका सकाळी रेघ सरळ झाली. आईनं सवयीनं चहा टाकला, मग गॅस बंद केला.

फोन वाजला. "ताई, आधी तात्यांकडं दे."

आई समोरच बसली होती. मी आवाज सांभाळला आणि तिनं सांगितलं होतं तेच विचारलं, "जेवलास का?"

त्याच्या मागं धक्क्यावरचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"ताई," तो म्हणाला, "तात्या कवा गेलं?"