उजव्या कोपऱ्यातली पेन्सिल

१२ मार्च. स्कॅन झालेल्या कार्डांची माहिती डेटाबेसमध्ये भरायची होती. सिंगापुरात पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात जुन्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन चालतं. या प्रोजेक्टची लीड मी. कार्डं प्रोफेसर को यांची. वय ब्याऐंशी, राहणार तोआ पायोह. मध्ययुगीन युरोपातल्या मठांत कोणती लॅटिन पदवी कोणाला लावत, हे त्यांनी चाळीस वर्षं टिपलं होतं. एका माणसाला एक कार्ड.

दुसऱ्या खोक्यापाशी मी अडकले. कार्डावर नाव होतं, मठ होता, पदवी होती: 'कॉन्व्हर्सस'. माणूस कोणत्या शतकातला, ते नव्हतं. पुढच्या कार्डावरही नव्हतं.

प्रोफेसर तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. कॅन्सर. फोनवर म्हणाले, "उजव्या कोपऱ्यात बघ. पेन्सिलने लिहिलंय."

कोपरा कोरा होता. शाईच्या मजकुरासाठी आम्ही 'बायटोनल' सेटिंग लावतो. मशीन प्रत्येक ठिपका एकतर काळा धरतं, नाहीतर पांढरा. फाइल लहान होते, पण फिकट पेन्सिल पांढऱ्यात जाते. सेटिंग मी निवडलं होतं. नमुन्याची दहा कार्डं पहिल्या खोक्यातलीच पाहिली. त्यांवर सगळं शाईत होतं. मूळ कार्डांना बुरशी लागली होती. म्हणून स्कॅन होताच कार्डं नष्ट केली होती; त्या फॉर्मवर सही माझीच.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं. मग शतकाचं महत्त्व समजावलं. आधीच्या काळात कॉन्व्हर्सस म्हणजे मोठेपणी घरदार सोडून मठात आलेला, पुढे पूर्ण मठवासी झालेला माणूस. दोन-तीनशे वर्षांनी तीच पदवी मठाची शेती आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांना लागली. प्रार्थनेला त्यांची बसायची जागाही वेगळी.

"शतक गेलं की माणूस गेला," ते म्हणाले. "लॅपटॉप आणलायस ना? नावं वाच."

माझे मॅनेजर डेसमंड यांचं मत वेगळं होतं. "सगळ्यांना नंतरचा अर्थ लाव. कोण चेक करणार, लाह?" ते सिंगापुरी ढंगात म्हणाले. मी नाही म्हटलं.

रोज ऑफिस सुटलं की मी हॉस्पिटलमध्ये जायची. मी नाव वाचायची, ते शतक सांगायचे. काही माणसं त्यांना शेजाऱ्यांसारखी आठवत. "हा? बायको गेल्यावर आला. रडका होता. नववं." काहींपाशी थांबत आणि आठवत नाही म्हणून मान हलवत. सुरुवातीला तासाला साठ नावं व्हायची. तिसऱ्या आठवड्यात सहा. मला एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

एका बुधवारी क्लायंट मीटिंग लांबली. उद्या जाऊ म्हटलं. गुरुवारी पहाटे ते गेले. न आठवलेली धरून अकराशे बारा कार्डं राहिली.

अंत्यदर्शन त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेतच ठेवलं होतं. मुलगी ग्रेसने मला खुर्ची दिली, इथल्या रिवाजाप्रमाणे शेंगदाण्यांची बशी पुढे केली.

"बुधवारी डॅडी दोनदा विचारत होते," ती म्हणाली. "लॅपटॉपवाली आली का?"

मी शेंगदाणे हातात धरून बसले.

नंतर डेसमंडनी विचारलं, यातून शिकायचं काय? मी सांगितलं: नमुना प्रत्येक खोक्याच्या तळातून काढायचा, कार्ड उजेडात तिरकं धरून पाहायचं आणि सगळ्या फायली तपासून झाल्याशिवाय नष्ट करायच्या फॉर्मवर सही करायची नाही. त्यांनी ते चेकलिस्टमध्ये घातलं.

अंत्यदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी ऑफिसात पोचले. राहिलेल्या अकराशे बारा जणांपुढे 'शतक अज्ञात' भरलं. खाली टीप लिहिली: 'मूळ कार्डावर शतक होतं. स्कॅनिंगमध्ये गेलं. कार्ड आता नाही.' डेसमंड म्हणाले, शेवटची दोन वाक्यं काढ, कंपनीचं नाव खराब होईल. मी ती ठेवली आणि खाली माझं नाव घातलं.